पाण्याखालची बोंब

माझी मालजामावशी हावरट आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही. ती समोर बसून संत्रं सोलत असतानाही मी हेच म्हणतो आणि ती "हो, आहेच की," म्हणून मला एक फोड देते. स्वतःचा दुर्गुण इतक्या निवांतपणे कबूल करणारं माणूस आमच्या हानदुल गावात दुसरं नाही. बाकीच्यांचे दुर्गुण शेजाऱ्यांकडे चौकशी करून मिळवावे लागतात.

ही हाव पैशाची नाही, हे आधी सांगून टाकतो. कपड्यालत्त्याची तर नाहीच. चर्चला जायचा तिचा जांभळा कोट माझ्या जन्माआधीचा आहे. खाण्याचीही नाही. तिची हाव फक्त पाण्याखाली असते, आणि तीसुद्धा श्वास संपत आल्यावर जागी होते.

मावशी समुद्रात बुड्या मारते. आमच्या बेटावरच्या कितीतरी बायका मारतात. पाठीवर हवेची टाकी नाही, नळी नाही. काळा रबरी पोशाख, कमरेला शिशाचा पट्टा, वर तरंगणारा नारिंगी बोया आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास, एवढीच सामग्री. वर आल्यावर प्रत्येकीच्या तोंडून लांब शीळ निघते. ती कोंडलेली हवा बाहेर पडायची शीळ. त्रेसष्ट वर्षांची मावशी एका श्वासात जवळजवळ दोन मिनिटं खाली राहते. मी त्या बायकांची होडी चालवतो आणि एका श्वासात चर्चचा जिना चढू शकत नाही.

खाली शंख असतात, समुद्री काकड्या असतात, पण जीव अडकतो तो जनबोकमध्ये. जनबोक म्हणजे खडकाला तळहातासारखा घट्ट बसणारा शिंपला. उलथन्यासारखी लोखंडी पट्टी त्याच्याखाली झटक्यात सारायची आणि तो उचकटायचा. झटका चुकला तर जनबोक पट्टीसकट खडकाला आवळून बसतो. पट्टीची वादी मनगटात असते. मग शिंपल्याने बाईला धरलेलं असतं आणि बाईला वाटत असतं, आपण शिंपल्याला धरलंय.

म्हणून आमच्याकडे पोरींना पोहायच्या आधी एक गोष्ट शिकवतात: आपल्या श्वासापुरतंच काढायचं. श्वास संपत आला की समोर सोन्याचा हंडा असला तरी वर यायचं. आता समुद्राची खोड अशी की सगळ्यात मोठा जनबोक नेमका तेव्हाच दिसतो. वर जाऊन ताजा श्वास घेऊन परत यावं, तर तो खडकच सापडत नाही.

माझी आजी, म्हणजे मावशीची आई, अशाच एका जनबोकपायी गेली. बायकांनी तिला वर आणलं तेव्हा वादी मनगटातच होती. ती पट्टी मावशीकडे आली आणि मावशी इतकी वर्षं तीच वापरत होती. "आईची आहे, हाताला बसते," म्हणायची. आमच्या घराण्यात कशाची आठवण कशासाठी ठेवायची, हे कोणाला नीटसं जमलेलं नाही.

तर ही हाव मारायला मावशीने काही कमी उपाय केले नाहीत.

पहिला उपाय मोजण्याचा. साठ आकडे झाले की वळायचं, असा नेम. मी मोठ्या कौतुकाने तिला होडीत बसून सारख्या गतीने मोजायला शिकवलं. आठवड्याने विचारलं, "कसं चाललंय?"

"छान चाललंय," ती म्हणाली. "नुसते शंख असले की बरोबर साठाला वळते."

"आणि जनबोक दिसला की?"

"मग एकोणसाठ जरा लांबतात."

"लांबतात म्हणजे?"

"एकोणसाठ, एकोणसाठ, एकोणसाठ... अरे, साठ म्हटलंच नाही, तर वळायचं कशाला?"

दुसरा उपाय दोरीचा. बोयाला बांधलेली मोजून घेतलेली दोरी तिने कमरेला लावली, म्हणजे ठरलेल्या खोलीपलीकडे जाताच येऊ नये. तिसऱ्या दिवशी दोरी एकटीच वर आली. मागून मावशी आली, हातात जनबोक. "गाठ सैल होती," म्हणाली. ती गाठ मी मारली होती. दोन बैलांना सुटली नसती.

तिसरा उपाय मोठा, साग्रसंगीत. तिने तीन दिवस उपास केला आणि रविवारी अख्ख्या मंडळीसमोर उभं राहून देवापुढे शपथ घेतली, की आजपासून शेवटच्या श्वासावर काहीही काढणार नाही. बायकांनी डोळे पुसले. आमचे पाळकसाहेब, मुख्य भूमीवरून आलेला तरुण, बारीक माणूस, त्यांनी तिचा दृढनिश्चय सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावा असं सांगितलं. निश्चय मंगळवारपर्यंत दृढ होता. मंगळवारी भाताच्या वाडग्याएवढा जनबोक निघाला, आणि मन खायला लागलं म्हणून मावशीने तो भाताच्या पेजेत शिजवून पाळकसाहेबांनाच नेऊन दिला. बिचाऱ्या माणसाने त्या मोडलेल्या शपथेची पेज दोन वाडगे खाल्ली आणि तिळाचं तेल छान पडलंय म्हणाला.

एप्रिलमध्ये व्हायचं ते झालं. मावशी खूप वेळ वर आली नाही आणि आली ती शीळ न घालता. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. जवळ ओकदानअक्का होती म्हणून निभावलं. तिने केसाला धरून मावशीचं तोंड पाण्यावर ठेवलं आणि मी होडी नेईपर्यंत शिव्या देत राहिली. मावशीच्या मुठीत जनबोक होता. बेशुद्ध बाईची मूठ उघडायला दोन बायका लागल्या.

ओकदानअक्का म्हणजे आमच्या बायकांची पुढारी. वय एकाहत्तर, शब्द मोजके आणि प्रत्येक शब्दाला शिशाचा पट्टा बांधलेला. कोणी कुठल्या खडकावर जायचं, वारा बदलला की कधी परतायचं, हे ती ठरवते. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या खोलीत शेगडीभोवती सगळ्या कपडे बदलत होत्या. मी बाहेर जाळ्या धूत होतो, पण अक्काचा आवाज भिंतीला मोजत नाही.

"मालजे, नीट ऐक. तुझ्या आईला वर काढलं तेव्हा तिचे पाय माझ्या हातात होते. तुझे धरायला मी जगणार नाही."

"चुकलं अक्का. परत नाही होणार."

"हे तू किती वेळा म्हणालीस?"

मावशीने शिशाचा पट्टा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आणखी एकदा तू शीळ न घालता वर आलीस, की तुझा पोशाख त्या खिळ्याला. कायमचा. मग बस घरी संत्री मोजत."

"अक्का, समुद्र सोडून मी काय करू गं?"

"जिवंत राहा. बाकी तुझ्या देवाला विचार. एवढी गाणी म्हणता त्याची, त्याला पोहता येतं का?"

बायका हसल्या. अक्का स्वतः दर मोसमात कागदात भाताची पुडी बांधून समुद्राच्या राजाला देते, आणि आपलं नि त्याचं पन्नास वर्षांत कधी वाजलं नाही असं सांगते. चर्चला जाणाऱ्या आमच्या होडीत तिघीच. बाकी सगळ्या अक्काच्या राजाच्या. पण बायका तेव्हा भीतीनेच हसल्या, हे मला ठाऊक आहे. खिळ्याला टांगलेला रिकामा पोशाख आमच्याकडे दोनच कारणांनी दिसतो आणि म्हातारपण हे त्यातलं चांगलं कारण.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात किमचीच्या लोणच्यासाठी कोबी धुवायचं काम होतं. टोपल्या उचलायला मी होतोच. मावशी आणि पाळकसाहेब एकाच टबाशी बसले होते. पाळकसाहेबांच्या हातातले रबरी मोजे कोपरापर्यंत येत होते आणि तरी ते पाण्यापासून लांब सरकून बसले होते. पाण्याला ते भारी घाबरतात. बेटावर येताना त्यांना बोट इतकी लागली होती, की इथे कायमचं राहायचा निर्णय त्यांनी बहुतेक बंदरावरच घेतला असावा.

"पाळकसाहेब," मावशी म्हणाली, "ती पेज तुम्ही खाल्लीत ना, तो शपथ मोडून काढलेला जनबोक होता."

पाळकसाहेबांचा हात कोबीत थांबला. "दोन वाडगे खाल्ले हो मी."

"तुमचा काही दोष नाही. पण आता शपथेचं नाव काढू नका. माझ्याच्यानं नाही होत. काय वाट्टेल ते केलं. खाली माझा हात माझा राहतच नाही."

मला वाटलं, आता प्रवचन. पण त्यांनी कोबीचं एक पान काढलं, उगाच इकडून तिकडून धुतलं आणि विचारलं, "मालजाबाई, मी धक्क्यावरून पाण्यात पडलो तर काय करीन?"

"बुडाल," मावशी म्हणाली. अंदाज करायला तिला वेळ लागला नाही.

"त्याआधी?"

"त्याआधी काय, हातपाय झाडाल."

"बोंबलेन मी," पाळकसाहेब म्हणाले. "मोठ्यांदा. 'प्रभू, आजपासून मी बुडणार नाही' अशी शपथ नाही घेणार. पोहताच येत नाही, तर शपथ कसली घेता? जो येईल त्याला म्हणेन, धरा मला."

मावशी हसायला लागली. त्यांचं ते काडीसारखं ध्यान पाण्यात बोंबलताना तिला दिसलं असणार. मग हसता हसता थांबली.

"तुम्ही देवाला तीन दिवस काय सांगत होतात?" त्यांनी विचारलं.

"हेच की, मी असं करीन, मी तसं करणार नाही."

"सगळं मी, मी. त्याच्याकडे मागितलंत काय?"

मावशीने विचार केला. "काहीच नाही," म्हणाली. "म्हटलं, हाव माझी, त्याला कशाला त्रास?"

"तुम्ही समुद्रात शूर आहात हो, पण इथे तुम्हाला पोहता येत नाही. माझ्यासारखंच."

"पण पाळकसाहेब, पाण्याखाली तोंड उघडता येत नाही."

"मग मनातल्या मनात बोंबला. त्याला ऐकू येतं."

आम्ही तिघांनी मिळून सत्तर कोबी धुतले.

पुढच्या भरतीओहोटीचा हिशोब जमला तेव्हा होडी निघाली. बायका दवण्यासारख्या वासाचा पाला चुरगळून चष्म्याच्या काचा पुसत होत्या. अक्काने तिची भाताची पुडी सोडली. आणि मावशी एकदम होडीच्या टोकाला उभी राहून, डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली:

"देवा, मी हावरट आहे. आज जनबोक दिसला तर मी वळणार नाही, हे मी आत्ताच सांगते. माझ्या भरवशावर राहू नकोस. मी हाक मारीन, तू धर."

एवढंच बोलून ती पाण्यात गेली.

"ही प्रार्थना होती की धमकी?" अक्काने मला विचारलं.

"मला पण नवीन आहे, अक्का."

"शपथ तरी बरी होती. ही तर आधीच हात वर करून मोकळी झाली."

त्या दिवशी मावशी प्रत्येक वेळी शीळ घालून वर आली. दुसऱ्या दिवशीही. मी जाळीत बघायचो. शंख भरपूर, जनबोक दोन-चारच, तेही पहिल्या दमातले. संध्याकाळी मी विचारलं, "खाली नक्की काय करतेस गं?"

"शेवटाला दिसला की बोंबलते. 'धर!'"

"आणि मग?"

"मग काय, धरतो."

"कसा? हात दिसतो का काही?"

"हात कशाला दिसेल? मी आपली त्याच्याकडे बघत असते, बोंबलते, आणि कळतं की माझे पाय हलायला लागलेत. वरच्या दिशेने. माझे पाय आणि माझं ऐकतच नाहीत." तिने मान हलवली. "अरे तेग्यू, इतकी वर्षं ते पाय माझंच ऐकत होते, तिथेच घोळ होता बघ."

तिच्या प्रार्थना आधी लांबलचक, अदबीच्या, चर्चमधल्या थोरल्या बायकांसारख्या वळणदार असायच्या. आता एका शब्दावर आल्या. तो शब्दही ती मासेबाजारात टोपली पकडायला सांगावं तशा सुरात म्हणायची.

मे गेला, जून गेला, जुलै गेला. गावात बोलबाला झाला की मालजा सुधारली. मावशीलाही तो ऐकू आला, आणि ऑगस्टमध्ये एकदा संत्र्याच्या बागेत शेजारणींसमोर ती म्हणाली, "सुटली बाई माझी हाव." मी तिथेच होतो. मला बरं वाटलं नाही, पण बरं न वाटण्याचं कारण सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ती होडीच्या टोकाला उभी राहिलीच नाही. सरळ पाण्यात गेली. तासाभराने एका बुडीतून वर आली ती शीळ घालून, पण शीळ फाटकी होती. बोयाला दोन्ही हातांनी मिठी मारून ती नुसती तरंगत होती. मी होडी जवळ नेली.

"पट्टी खाली सारली होती रे," ती हळूच म्हणाली. "अर्धी आत. मला वाटलं, आता मी वळू शकते, सवय झालीय. वळलेच नाही. अगदी शेवटी आठवलं की हाक मारायचीय."

"मग?"

"त्याने धरलं. पण काल सगळ्यांना सांगून बसले ना, सुटली म्हणून." तिने पाण्यात तोंड धुतलं, खाऱ्या पाण्यात तोंड धुण्याला एकच कारण असतं. "सुटलेली नाही मी. नुसती धरलेली आहे. त्याने बोट सोडलं की संपलं."

त्या दिवसापासून तिने एकही बुडी टोकावरच्या त्या प्रार्थनेशिवाय मारली नाही. पावसातसुद्धा. एकदा तर उचकी लागलेली असताना.

आता तीस सप्टेंबर. ऑक्टोबरपासून तीन महिने आमच्याकडे जनबोक काढायला बंदी असते, त्यांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे तीस सप्टेंबरला शहाण्या बायकाही थोड्या वेड्या होतात. पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं. अक्काने सगळ्यांना बजावलं, "शेवटचा दिवस आहे म्हणून शेवटचा श्वास काढू नका," आणि मावशीकडे बघितलं. मावशीने टोकावर उभं राहून देवाला नेहमीची धमकी दिली.

पुढचं मी तिच्या तोंडून वीस वेळा तरी ऐकलंय. एकच सांगतो, पहिल्या वेळी तो जनबोक बशीएवढा होता. हल्ली घमेल्याएवढा झालाय. तुम्ही मधलं काहीतरी धरा.

दुपार कलायला आली होती. मावशी एका काळ्या कपारीशी शंख वेचत होती. श्वास संपत आला, वर वळणार, तेवढ्यात कपारीच्या पोटाशी तो दिसला. नुसता दिसला नाही, कड उचलून बसला होता. जनबोक चरताना असा कड उचलतो, आणि तेव्हा पट्टी लोण्यात सुरी जावी तशी जाते. असा योग दहा वर्षांतून एकदा. हातात आईची पट्टी. तिची छाती आवळायला लागली होती आणि तरी तिला वाटलं, हा तर नुसता उचलायचाय.

"धर!" मावशी मनात ओरडली. "धर, धर, धर! मी चालले बघ!"

आणि पाय हलले.

मी होडीतून बघितलं, मावशी वर आली आणि तिने अशी शीळ घातली की धक्क्यावरचे समुद्रपक्षी उडाले. पन्नास हातांवर अक्का बोयाला टेकून दम खात होती.

"काय गं, काय सापडलं?"

"सोडला एक," मावशी ओरडली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "अक्का, असा सोडलाय म्हणून सांगू! ताटाएवढा!"

"खोटारडी."

"देवाशप्पथ. आणि कड उचललेली."

"कुठे?"

"काळ्या कपारीच्या पोटाशी. राहू दे अक्का, तू दमलीयस."

अक्काने चष्मा खाली ओढला, पाय वर झाले आणि ती गेली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. ओकदानअक्काच्या बाबतीत कोणाला काय वावगं वाटणार? आमच्या गावात घड्याळं तिच्यावरून लावतात.

मी सवयीने मोजत होतो. माझे एकोणसाठ लांबत नाहीत. साठ झाले, ऐंशी झाले. नव्वदला मावशीने माझ्याकडे बघितलं.

"अक्का वर आली का रे?"

"नाही."

तेवढं ऐकून मावशी खाली गेली. पुरता दमही घेतला नव्हता तिने.

खाली अक्का कपारीशी होती. पट्टी जनबोकखाली अडकलेली, वादी मनगटात रुतलेली, आणि पन्नास वर्षं सगळ्यांना श्वासापुरतं काढायला शिकवणारी बाई पाय खडकाला लावून ओढत होती. मावशीने वादी सोडवायचा प्रयत्न केला. ताणामुळे ती निघेना. मग तिने आईची पट्टी दुसऱ्या बाजूने जनबोकखाली घातली आणि सगळं वजन टाकलं. एकदा. दुसऱ्यांदा जनबोक निघाला. अक्काची पट्टी सुटली, आणि तो घमेल्याएवढा ऐवज उताणा होऊन मावशीच्या समोर वाळूवर पडला. मोकळा. नुसता हात लांबवायचा.

"तेव्हा सगळ्यात जास्त हाव सुटली," मावशी सांगते आणि अजिबात लाजत नाही. "अक्का ढिली पडली होती, माझी छाती फुटत होती, आणि मला वाटलं, एका हाताने अक्का, एका हाताने तो. होईल. म्हणजे कळतंय का तुला मी काय आहे ते?"

एका हाताने झालं नसतं. तिला दोन्ही हात लागणार होते, आणि एका हातात अजून आईची पट्टी होती.

"देवा, दोघींना धर!" ती ओरडली. तिच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्या मोठ्यांदा, की मला वर ऐकू यायला हवं होतं. मुठी उघडल्या. जनबोक खाली राहिला. वादी मनगटातून निसटली आणि आजीची पट्टी त्याच्याच शेजारी वाळूवर पडली. मावशीने अक्काला दोन्ही काखांत धरलं आणि पायांना जिथे जायचं होतं तिथे जाऊ दिलं.

वर एक शीळ झाली. मावशीची. मी होडी त्या दिशेने सोडली होतीच. मग काहीच नाही. बाकीच्या बायका पाणी कापत येत होत्या. आणि मग, फाटकी, घोगरी, मध्येच खोकल्याने तुटलेली दुसरी शीळ आली. तशी बेसूर शीळ मी जन्मात ऐकली नव्हती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अक्काला होडीत ओढलं. ती खोकली, ओकली, उताणी पडून आभाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कुठे गेला?"

"कोण, अक्का?" मी विचारलं.

"जनबोक, गाढवा!"

होडीत एवढा हशा झाला की शेजारच्या गावच्या बायकांनी आपल्या होडीतून हात हलवून विचारलं, काय झालं.

"तुझ्या समुद्राच्या राजाला परत दिला," मावशी म्हणाली. "उगाच तुमचं पन्नास वर्षांत पहिल्यांदा वाजायला नको."

किनाऱ्यावरच्या खोलीत अक्काने पोशाख काढला, पिळला आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच खिळ्याला टांगला. शीळ न घालता वर आलेल्या बाईचा नियम. तिनेच केलेला.

"अक्का, शीळ घातलीस की तू," मावशी म्हणाली.

"तू घालायला लावलीस म्हणून." अक्का शेगडीपाशी बसली. "मालजे, मला कधी देव लागला नाही गं यासाठी. मी मला आवरू शकते, हे मला माहीत होतं. पन्नास वर्षं."

"माझा माझ्यावर दोन मिनिटं भरवसा नाही."

"तेच बघतेय मी," अक्का म्हणाली. "हावरट तू आणि अडकले मी."

मावशी उठली, खिळ्यावरचा पोशाख काढला आणि अक्काच्या मांडीवर टाकला. "बंदी उठली की बघू," म्हणाली. बाकीच्या बायकांनी कपडे बदलायला सुरुवात केली, म्हणजे ठराव मंजूर झाला.

रविवारी मावशी पुन्हा मंडळीसमोर उभी राहिली. पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांना पुन्हा शपथ नको होती. पण तिने फक्त घडलं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मी काही केलं नाही. मी बोंबलले." मागच्या बाकावर, आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये, ओकदानअक्का हाताची घडी घालून बसली होती. गाणं सुरू झाल्यावर ती उठून गेली. गाणं तिला पटलं नाही. पण पेज प्यायला थांबली.

जानेवारीत बंदी उठली. पहिल्या दिवशी होडीत सगळ्या होत्या. मावशीच्या हातात नवी कोरी पट्टी होती, आणि वादी तिने एवढी ढिली बांधली होती की हात झटकला तरी निघावी. अक्काने भाताची पुडी समुद्राला दिली. मग मावशी टोकावर उभी राहिली आणि आपण हावरट असल्याचं देवाला पुन्हा कळवलं.

अक्का घुटमळली. "मालजे," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझ्या त्याला माझं पण नाव सांग."

"मी कशाला? तुझं तू बोंबल."

"मला नाही येत तुमची ती गाणी."

"गाणी कोण म्हणतंय? एकच शब्द आहे. श्वास संपत आला की."

अक्का पुटपुटत पाण्यात उतरली. दोघी एकदमच खाली गेल्या. मी मोजायला लागलो. पन्नासही झाले नव्हते, तर अक्काचं डोकं वर आलं, आणि तिने अशी खणखणीत शीळ घातली की तीन महिन्यांची सगळी कसर निघाली. हात रिकामे होते.

"मालजे!" ती ओरडली. मावशी नुकतीच वर येत होती. "अगं, अर्धा श्वास शिल्लक होता माझा! इतक्या लवकर कशाला आणलं त्याने वर?"

"दिसला होता का?"

"दिसला होता तर!"

"केवढा?"

अक्काने पाण्यावर दोन्ही हात पसरून दाखवलं. मावशीच्या घमेल्यापेक्षा तो चार बोटं मोठाच होता.